हॅल्व्हर रुस्टाडच्या बंदुका व्हर्माँटला जातात

मोंटाना राज्यातल्या आमच्या बार्ली फोर्क गावात थांबण्याची पाटी एकच आहे. धान्याच्या कोठाराजवळ दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे ती उभी आहे. गावातला प्रत्येक माणूस तिच्याकडे बघतो, वेग जरा कमी करतो आणि निघून जातो. हॅल्व्हर रुस्टाड मात्र थांबतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, पुन्हा डावीकडे बघतो. चहूबाजूंना क्षितिजापर्यंत गहू असतो आणि गव्हातून कोणी येत नसतं. तरीही वळताना तो खिडकीतून हात बाहेर काढतो.

हॅल्व्हर माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये लाकडी कुंपण आहे आणि गप्पा मारताना आम्ही दोघांनी टेकून टेकून ते त्याच्या बाजूला झुकवलं आहे, कारण माझं वजन जास्त. मी गावच्या शाळेत शिकवत असे, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. त्याची मुलगी मार्लिस माझ्याच हाताखाली शिकली. ती हुशार, तिरसट आणि खरं बोलणारी होती. खरं बोलणं बापाकडून आलं आणि तिरसटपणा आईकडून, असं हॅल्व्हर म्हणतो. त्याची बायको सेल्मा जिवंत होती तेव्हा तो हे उलट सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात गाईंना चारा घालायला जाताना हॅल्व्हर बर्फावर घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, म्हणून बरं. मी धावत गेलो तर हा आडवा पडून आकाशाकडे बघत म्हणतो, "मास्तर, आलाच आहात तर आधी गाईंचं बघा."

मार्लिस विमानाने आली आणि तिने फर्मान काढलं. बाबांनी आता इथे एकट्याने राहायचं नाही. गाई विकायच्या, जमीन खंडाने द्यायची, आणि बर्फ वितळला की तिच्याकडे व्हर्माँटला यायचं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. हॅल्व्हर सगळ्याला हो म्हणाला. गाईंना हो, जमिनीला हो, काठी घेऊन चालायलाही हो. मग त्याने पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, "आणि या?"

कपाटात बंदुका होत्या.

आता आमच्याकडे कोणाच्या घरात बंदूक नसेल तर लोक आजारी आहात का म्हणून विचारतात. पण हॅल्व्हरच्या बंदुका म्हणजे त्याचं गणगोत होतं. आजोबांनी नॉर्वेहून येताना गोधडीत गुंडाळून आणलेली एक. वडिलांची रायफल, जिच्या दस्त्यावर हॅल्व्हरने लहानपणी दात उमटवलेले आहेत. धाकटा भाऊ लष्करात गेला तेव्हा ठेवून गेलेली एक, तो परत आला नाही. आणि सगळ्यांत डावीकडे, जिथे सकाळचं ऊन पडतं तिथे, सेल्माची वीस बोअरची दुनाळी. ही बंदूक अंगाने सडपातळ. हॅल्व्हर बारा बोअरची दणकट बंदूक घेऊन बदकांवर जायचा आणि सेल्मा ही घेऊन. संध्याकाळी तिच्याकडे बदकं जास्त असत. बारा बोअरची काडतुसं लाल असतात आणि वीसची पिवळी, घाईत गफलत होऊ नये म्हणून. त्यामुळे त्या घरात कुठेही पिवळं काडतूस दिसलं की ते सेल्माचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ती कुठेही दिसत. आमच्याकडच्या माणसांची ही एक खोड आहे. शिकारीहून परतल्यावर बंदूक पुसून, तेल लावून, नेमाने जागेवर ठेवतील. पण उरलेली काडतुसं कोटाच्या खिशात राहतात. तोच कोट गाईंना चारा घालायला, दुकानात जायला आणि थंडी जास्त असली तर चर्चलाही. म्हणून आमच्या चर्चमध्ये दानाचं ताट फिरतं तेव्हा पाद्रीबुवांना त्यात नाण्यांबरोबर अधूनमधून एखादं काडतूसही मिळतं. ते ती एका बरणीत साठवतात आणि नाताळात ज्याची त्याला परत करतात.

मार्लिसचा नवरा एलियट हा कानांचा डॉक्टर. वाढला बोस्टनमध्ये. सज्जन, किडकिडीत आणि काळजीखोर. हॅल्व्हरच्या कानांतली यंत्रं त्यानेच बसवलेली, आणि ती बसवताना, आयुष्यभर कानाशी बंदूक वाजवून सासरेबुवांनी काय काय घालवलं आहे याचं व्याख्यानही दिलेलं. बंदुका घरी येणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली. पण तो नाही म्हणाला नाही. त्याने तळघरात जाड लोखंडी कपाट बसवून घेतलं आणि फोनवर, समोरासमोर चेहरे बघत, आपली अट सांगितली. मी तेव्हा हॅल्व्हरच्या शेजारीच बसलो होतो.

"बंदुका कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, दोन्हींना कुलूप. एवढं पाळलं तर माझी ना नाही. पण घरात एक जरी काडतूस सुटं सापडलं, एक जरी, तर त्याच दिवशी सगळ्या बंदुका विकायच्या. चालेल?"

"चालेल," हॅल्व्हर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. फोनवर हस्तांदोलन होत नाही हे लक्षात यायला त्याला क्षणभर वेळ लागला. तरी त्याने हात मागे घेतला नाही. पलीकडे एलियटनेही चाचरत हात वर केला.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "हॅल्व्हर, हे तू काय कबूल केलंस? तुझ्या घरात काडतुसं कुठे कुठे आहेत हे तुला तरी माहीत आहे का?"

"नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मास्तर, सेल्माची बंदूक परक्याच्या भिंतीवर लागलेली मला बघवणार नाही."

तेव्हापासून आम्ही शोधाला लागलो.

पहिल्यांदा गावाचा हिशेब मिटवावा लागला. आमच्याकडे बंदूक उसनी देतात, जशी घरोघरी पातेली उसनी जातात तशी. हॅल्व्हरच्या कपाटातल्या दोन बंदुका त्याच्या नव्हत्याच, आणि त्याची स्वतःची एक डाकबाबूकडे इतकी वर्षं होती की डाकबाबूच्या बायकोने तिच्यासाठी म्हणून खोळ विणली होती. ती परत देताना तिने डोळे पुसले आणि सोबत घरी भाजलेला ॲपल पाय दिला. एक पिस्तूल होतं, ते हॅल्व्हरने गावातच पुतण्याला दिलं. तसा सल्ला लॉरेटाचा होता.

लॉरेटा आमच्या गावात हार्डवेअरचं आणि बंदुकांचं दुकान चालवते. ती माणसाशी बोलते तेही खिळे मोजून दिल्यासारखं. तिने हॅल्व्हरला काउंटरपुढच्या स्टुलावर बसवलं.

"नीट ऐका, काका. कानातली यंत्रं चालू आहेत ना? पिस्तुलाचे कायदे राज्याराज्यात वेगळे आणि कडक. ते इथेच सोडा. बाकीच्या सगळ्या लांब नळीच्या. त्या रिकाम्या करायच्या. एकदा नाही, दोनदा बघायच्या. मग कडक पेटीत, पेटीला कुलूप. पेट्या गाडीच्या मागच्या भागात, तुमचा हात सीटवरून पोचणार नाही अशा. काडतुसं वेगळ्या पेटीत, तिलाही कुलूप, तीही मागे. समोरच्या कप्प्यात काही ठेवायचं नाही. जिथून निघालात तिथे बंदूक कायदेशीर, जिथे चाललात तिथेही कायदेशीर, मग मधल्या राज्यांतून तुम्हाला सरळ जाता येतं. पण सरळ म्हणजे सरळ. न्यूयॉर्कमध्ये पेट्रोल भरा आणि पुढे व्हा. मुक्काम नको, पाहुणचार नको, धबधबे बघत बसायचं नाही."

"धबधबे मला बघायचेच नाहीत," हॅल्व्हर घाबरून म्हणाला.

"घर हलवणारी कंपनी?"

"ते म्हणाले काडतुसं, रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या आम्ही घेत नाही. बंदुका घेतो म्हणाले, पण मीच नको म्हटलं. सेल्मा अनोळखी माणसांबरोबर कशी पाठवू?"

लॉरेटाने माझ्याकडे पाहिलं. सेल्मा म्हणजे बंदूक, हे मी तिला डोळ्यांनी सांगितलं.

घरात काडतुसं कुठे सापडली हे सांगायला लागलो तर दिवस मावळेल. कॉफीच्या डब्यात. शिवणाच्या पेटीत बॉबिनांच्या रांगेत, शहाण्यासारखी उभी. नाताळच्या झाडाच्या सजावटीत, दोऱ्याने टांगायला तयार केलेलं एक. पायपेटीच्या बाकात. बाथरूमच्या कपाटात दाढीच्या ब्रशशेजारी. पिवळी सगळी हॅल्व्हरने वेगळी काढली आणि लॉरेटाला देऊन टाकली. म्हणाला, "वीस बोअर आता कोण चालवणार? मार्लिसने तर आई गेल्यापासून बंदुकीला हात लावलेला नाही." त्यामुळे आमच्याबरोबर निघालेल्या पेटीत पिवळं एकही नव्हतं. ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली असती, पण ती पुढची गोष्ट.

सोबत मी का निघालो? कारण मार्लिसने मला फोन केला. "सर, तुम्ही बाबांबरोबर याच. ते एकटे निघाले तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा प्रत्येक नियम पाळतील आणि पुढच्या वर्षी पोचतील."

पिकअपच्या मागच्या हौद्यावर झाकण होतं, त्याला कुलूप. आत पेट्या, त्यांना कुलपं. काडतुसांच्या पेटीला आणखी एक. सगळ्या किल्ल्या हॅल्व्हरने बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातल्या आणि नाडी सदऱ्याच्या आत सोडली. तो चालला की बारीक किणकिण व्हायची. निघताना त्याने घराला कुलूप लावलं, आणि ती किल्ली मात्र दाराशेजारच्या कुंडीखाली ठेवली, नेहमीसारखी.

पहिला दिवस आणि दुसरा दिवस सुखाचे गेले. उत्तर डकोटा आम्ही पार केलं, मिनेसोटा पार केलं. रात्री मोटेलमध्ये हॅल्व्हर पेट्या गाडीत राहू द्यायला तयार नसे. काठी टेकत टेकत तो आणि धापा टाकत मी, सगळ्या पेट्या खोलीत आणायचो. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने कौतुकाने विचारलं, "बँड आहे का तुमचा, आजोबा?"

हॅल्व्हरला खोटं बोलता येत नाही. मला भीती वाटली की हा आता सगळं वंशावळीसकट सांगणार. म्हणून मी घाईने म्हटलं, "मी मास्तर आहे."

"अय्या, संगीताचे!" ती म्हणाली, आणि आम्हाला सकाळचा नाश्ता फुकट मिळाला. हॅल्व्हरने तो खाल्ला नाही. आपण संगीतवाले नसताना वॅफल कसं खायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वाटचं मी खाल्लं.

विस्कॉन्सिनमध्ये पहिला दणका बसला. रस्त्याकडेच्या एका जेवणघरात आम्ही चीजचे तळलेले तुकडे आणि सूप घेतलं. वाढणारी बाई सेल्माच्या वयाची होती आणि तिने हॅल्व्हरला न विचारता आणखी पाव आणून दिला. तो खूश झाला. उठताना तिच्यासाठी टेबलावर काही ठेवावं म्हणून त्याने आपल्या चर्चच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर नाणी बाहेर काढली. नाण्यांबरोबर टेबलावर एक लाल काडतूस टणकन उभं राहिलं.

हॅल्व्हर पांढरा पडला.

बाई काडतुसाकडे बघून म्हणाली, "एवढं नको हो, आजोबा. सुट्टे चालतील."

"मी... हे मला माहीत नव्हतं..."

"माझ्या नवऱ्याची कापडं धुताना मशीनमधून रोज दोन निघतात. एकदा तर माझ्या पोराच्या लग्नातल्या कोटातून निघालं, फोटो काढताना." तिने ते उचललं, फडक्याने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "घ्या. आणि बायकोला सांगा खिसे तपासायला."

"ती गेली," हॅल्व्हर म्हणाला.

"मग तुम्हीच तपासा आता," ती म्हणाली, आणि जाता जाता तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर येऊन त्याने हौदा उघडला, काडतुसांची पेटी उघडली, ते आत ठेवलं, पुन्हा सगळी कुलपं लावली. मग तो गाडीला टेकून उभा राहिला.

"मास्तर, हे मार्लिसच्या टेबलावर पडलं असतं तर? जेवताना? एलियटसमोर?"

"पडलं नाही ना?"

"खिसे दाखवा."

"कोणाचे?"

"तुमचे."

 त्या वाहनतळावर, मालट्रकवाल्यांच्या देखत, मी माझे सगळे खिसे उलटे केले. रुमाल निघाला, चष्म्याची काडी निघाली आणि खडूचा एक तुकडा निघाला. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी खडू कुठून येतो मला कळत नाही.

"खडू चालेल," हॅल्व्हर गंभीरपणे म्हणाला.

यानंतर त्याची प्रकृती जरा बिघडलीच. शिकागोच्या आसपास तो इतका सावकाश चालवू लागला की एका शाळेच्या बसने आम्हाला मागे टाकलं आणि पोरांनी मागच्या काचेतून जीभ काढून दाखवली. इंडियाना, ओहायो, सगळीकडे तेच. न्यूयॉर्क राज्याची पाटी दिसल्यावर त्याने पेट्रोल भरून घेतलं आणि जाहीर केलं, "आता व्हर्माँटपर्यंत थांबणे नाही."

"हॅल्व्हर, न्यूयॉर्क राज्य लांबलचक आहे. आणि तू आत्ता दोन मोठे कप कॉफी प्यायलास."

"लॉरेटा म्हणाली सरळ म्हणजे सरळ."

"तिला असं म्हणायचं नव्हतं रे! लघवीला थांबलं म्हणून कोण अटक करतं?"

"नियम आपल्या सोयीने वाचायचा नसतो, मास्तर. हे तुम्हीच मार्लिसला शिकवलंत."

असं आपलंच शिकवलेलं आपल्या अंगावर आलं की माणूस गप्प बसतो.  एकामागून एक विश्रांतीगृहं येत होती आणि जात होती. हॅल्व्हर त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याने रेडिओ बंद करायला लावला, कारण रेडिओवर पावसाचा अंदाज सांगत होते. हळूहळू तो एका कुशीवर बसला, मग दुसऱ्या. कपाळावर घाम आला. गाडीचा वेग आणखी कमी झाला. आणि मग मागून निळे-लाल दिवे लुकलुकले.

पोलीस बाई तरुण होती, टोपी सरळ, चेहरा करडा. "काका, ताशी साठची हद्द आहे, तुम्ही पस्तिसाने चालला आहात. मागे रांग लागली आहे. काही त्रास होतोय का?"

हॅल्व्हरने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर बोटं पसरून ठेवले, असं ठेवावं हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.  घामाने सदरा भिजला होता. मी पोलीस असतो तर मीही संशय घेतला असता.

"मॅडम," तो म्हणाला, "मला सगळं सांगायचं आहे. मागे अकरा बंदुका आहेत, आणि मला जोराची लागली आहे. दोन्ही कुलूपबंद आहेत."

बाईच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली.

"बंदुका रिकाम्या आहेत?"

"दोनदा बघितल्या. घरात तीनदा. काडतुसं वेगळ्या पेटीत. किल्ल्या इथे आहेत," असं म्हणून त्याने छातीकडे हात नेला आणि लगेच घाबरून पुन्हा चाकावर ठेवला. "काढू का? की तुम्ही काढता?"

"कुठून कुठे?"

"मोंटानाहून व्हर्माँट. मुलीकडे. कायमचा. पिस्तूल नाही आणलं, ते पुतण्याला दिलं. या सगळ्या लांब नळीच्या. एक माझ्या बायकोची आहे."

"आणि तुम्ही?" तिने माझ्याकडे वाकून विचारलं.

"मी मास्तर आहे," मी म्हटलं. मोटेलमध्ये हे चाललं होतं.

ती सरळ झाली, क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली. खांदे हलत होते. मग म्हणाली, "काका, माझे बाबा हरणांच्या शिकारीला जातात. तुमच्याइतकी नीट बांधाबांध त्यांनी एकदा जरी केली असती ना! पुढे दोन मैलांवर विश्रांतीगृह आहे. तिथे थांबा."

"ते कायद्यात बसतं?"

"बसतं."

"मुक्काम धरत नाहीत ना त्याला?"

"काका," ती म्हणाली, "तुम्ही तिथे बिछाना घातलात तर बघू. आता निघा. आणि पळवा जरा."

त्या दोन मैलांत हॅल्व्हरने गाडी ज्या वेगाने नेली तो मी इथे लिहीत नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. "भली बाई होती," तो म्हणाला. मग व्हर्माँट येईपर्यंत त्याने गाणी म्हटली.

मार्लिसचं घर टेकडीच्या कुशीत आहे, सफरचंदाची झाडं, मागे जंगल, चिखलाचा रस्ता. एलियट पायरीवर उभा होता. त्याने आधी सासऱ्याला मिठी मारली आणि मग पेट्यांकडे असं पाहिलं, जसं एखादा माणूस दुसऱ्याच्या कुत्र्याकडे पाहतो. पण त्याने स्वतः चार पेट्या खाली तळघरात नेल्या, प्रत्येक पेटी अंगापासून हातभर लांब धरून. हॅल्व्हरने एक एक बंदूक उघडून, नळीतून उजेड दाखवून त्याला ती रिकामी असल्याचं पटवलं. सेल्माची दुनाळी सगळ्यांत शेवटी. मार्लिस तेव्हा जिन्यात उभी होती. ती खाली आली नाही. कपाट बंद झालं, एक किल्ली एलियटने घेतली, एक हॅल्व्हरच्या नाडीत राहिली.

माझं विमान आठवड्याच्या शेवटी होतं. तोवर घरात सगळं छान चाललं होतं. हॅल्व्हर दारात आला की चपला काढाव्यात तसे खिसे उलटे करायचा. एलियट हे बघून न बघितल्यासारखं करायचा, पण तिसऱ्या दिवशी तो सासऱ्याला स्वतःहून म्हणाला, "तुम्ही शब्दाचे पक्के आहात." हॅल्व्हर दिवसभर तेच मला सांगत होता.

त्याच संध्याकाळी पाऊस पडायला लागला आणि गारठा आला. मार्लिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, मी आणि हॅल्व्हर शेकोटीशी. एलियट लाकडं आणायला बाहेर गेला. खुंटीवरचा हाताला लागला तो कोट त्याने अंगात घातला. परत आला तेव्हा लाकडं नव्हती. एक हात पुढे धरलेला, तळवा वर. तळव्यावर काडतूस होतं. पिवळं.

"खिशात हातमोजे शोधत होतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो दुखावलेला होता. "हॅल... हॅल्व्हर, आपलं ठरलं होतं."

त्याला नावही धड घेता येत नव्हतं.

मी तोंड उघडलं. पिवळं आमच्या पेटीत एकही नव्हतं, लॉरेटा साक्षीला होती. पण हॅल्व्हरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. तो काठीवर भार देत उठला. काडतुसाकडे, मग एलियटच्या अंगावरच्या कोटाकडे त्याने बघितलं. बराच वेळ.

"ठरलं होतं ते ठरलं होतं," तो म्हणाला. "इथे गावात बंदुकांचं दुकान कुठे आहे? सकाळी जाऊ. मास्तर, तुम्ही याल ना सोबत?" आणि त्याने गळ्यातली नाडी काढायला सुरुवात केली. ती कानातल्या यंत्रात अडकली. एलियट सवयीने पुढे होऊन ती सोडवू लागला. दोघं असे अगदी जवळ उभे होते, तेवढ्यात मार्लिस हातात बटाटा घेऊन दारात आली.

"काय झालं?"

 तिने तळव्यावरचं काडतूस पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला, नवऱ्याच्या अंगावरचा कोट पाहिला.

"एलियट, हा कोट कोणाचा आहे?"

"कोणाचा म्हणजे? बागेतला कोट."

"माझा आहे. माझा म्हणजे आईचा. ती गेली तेव्हा मी घेऊन आले. पंधरा वर्षं या खुंटीवर आहे. मी यातून बटाटे लावते, बर्फ काढते, तुझ्या दवाखान्याच्या मेजवानीला पाऊस होता तेव्हा हाच घालून आले होते."

"पण खिसा..."

"आतला. हातमोज्यांमागचा. मी त्यात कधी हात घातला नाही."  मग तिचा आवाज पुन्हा तिरसट झाला, आणि मला वर्गातली पोरगी दिसली. "म्हणजे सुटं काडतूस बाबांच्या आधी पंधरा वर्षं या घरात आहे, आणि ते मी आणलंय. आता तुझ्या अटीप्रमाणे कोणाला विकायचं? मला?"

एलियट हळूच लाकडांच्या टोपलीच्या कडेवर बसला. टोपली रिकामी होती, ती उलटली, आणि कानांचा डॉक्टर जमिनीवर आला. काडतूस मात्र त्याने तळव्यात घट्ट धरलं होतं, वर, अंड्यासारखं.

आधी मार्लिस हसली. मग तो. हॅल्व्हरला हसू फुटायला वेळ लागला, कारण त्याचं एक यंत्र अजून नाडीत लोंबत होतं आणि त्याला अर्धंच ऐकू आलं होतं. "काय म्हणाली?" तो मला विचारत होता. "काय विकायचं?"

जेवणानंतर मी त्याला गाठलं. "तू कोट ओळखला होतास."

"तो आत आला तेव्हाच. बाहीचं ठिगळ मी लावलंय. सेल्मा त्यावरून हसायची."

"मग बोलला का नाहीस? सेल्माची बंदूक गेली असती!"

त्याने काठी भिंतीला टेकवली. "मास्तर, मी त्यांच्या घरात राहायला आलोय. आल्या आल्या पोरीची चूक नवऱ्यापुढे उघडी करायची? तिला सांगायचं असेल तर ती सांगेल." मग म्हणाला, "पण लवकर सांगितलंन ते बरं झालं. माझा श्वास अडकला होता."

दुसऱ्या दिवशी एलियटने ते पिवळं काडतूस स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. मार्लिस तळघरात उतरली. तिने कपाटातून आईची दुनाळी मागितली, उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघितलं, आणि अंगठ्याने दस्त्यावरची धूळ पुसली. हॅल्व्हर म्हणाला, "इथे बदकं आहेत का गं?" ती म्हणाली, "आहेत. परवाना काढावा लागेल." "काढू," तो म्हणाला. "सगळं रीतसर."

मी निघालो त्या सकाळी दारात तिघं उभे होते. मी मिठ्या मारल्या, बॅग उचलली. तेवढ्यात एलियटने हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन.

"सर," तो म्हणाला, "खिसे."

मी बॅग खाली ठेवली आणि खिसे उलटे केले. आधी खडूचा एक तुकडा पडला. रुमाल निघाला, चष्म्याची काडी निघाली.

"खडू चालेल," हॅल्व्हरने जावयाला समजावून सांगितलं.